रुपेरी डॉलरांची शिरगणती

इतिहासाच्या साधनांत नाण्याचे स्थान मोठे आहे. बखरकार आपल्या धन्याकडे झुकतो, प्रशस्तिकार राजाला चक्रवर्ती करून सोडतो. नाण्याला मात्र वजन असते, कस असतो आणि बहुधा सालही असते. त्यामुळे नाण्यावरून काढलेले अनुमान पक्के, असा आपला समज असतो. तथापि एखाद्या सालची नाणी टांकसाळीतून किती बाहेर पडली आणि त्यांपैकी आज किती उरली आहेत, असे दोन प्रश्न शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्याचे उत्तर दप्तरात सापडते. दुसऱ्याचे उत्तर शोधू गेल्यास युद्धे, कायदे, तिजोऱ्या, आटणी आणि माणसाचा लोभ या साऱ्यांचा माग काढावा लागतो. प्रस्तुत लेखात आम्ही या दुसऱ्या प्रश्नाचा विचार अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या डॉलरांच्या आधारे करणार आहोत.

एवढ्या दूरच्या देशाचे उदाहरण घेण्यास दोन कारणे आहेत. एक असे की, या नाण्यांची टांकसाळवार आणि सालवार नोंद उपलब्ध असून त्यांच्या पुढील आयुष्याची हकीकतही पुष्कळ अंशी प्रसिद्ध आहे. पद्धती समजून घेण्यास इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळते. दुसरे कारण आपल्याला अधिक जवळचे आहे. यांतील कोट्यवधी डॉलर १९१८ साली आटवले गेले आणि त्यांची चांदी हिंदुस्थानच्या रुपयांसाठी समुद्रमार्गे आली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या कनवटीला जे रुपये होते, त्यांतील काही पूर्वजन्मी डॉलर होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

या डॉलरांचा जन्म राजकीय भांडणातून झाला. १८७३ च्या नाणेविषयक कायद्याने अमेरिकेने चांदीचा प्रमाण डॉलर पाडणे बंद केले. त्याच सुमारास नेवाडा प्रांतातील खाणींतून चांदीचा लोंढा बाहेर पडू लागला होता. चांदीचा भाव उतरू लागताच खाणमालकांनी आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांनी ओरड सुरू केली. अखेर २८ फेब्रुवारी १८७८ रोजी अध्यक्ष हेझ यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने ब्लँड-ॲलिसन कायदा संमत केला. दरमहा वीस ते चाळीस लाख डॉलर किमतीची चांदी विकत घ्यावी आणि तिची नाणी पाडावीत, असे बंधन या कायद्याने सरकारी खजिन्यावर घातले. नव्या नाण्याचे चित्र जॉर्ज मॉर्गन या इंग्लंडातून आलेल्या कोरीवकाराने तयार केले. म्हणून संग्राहक त्यास मॉर्गन डॉलर म्हणतात. त्यावरील स्वातंत्र्यदेवतेच्या मुखासाठी फिलाडेल्फियातील ॲना विल्यम्स नावाच्या शिक्षिकेचे मुख नमुना म्हणून घेतले होते, ही गोष्ट अध्यापकवर्गास विशेष वाटेल.

नाण्याचे वजन ४१२.५ ग्रेन आणि त्यात नऊ दशांश चांदी, म्हणजे ३७१.२५ ग्रेन शुद्ध चांदी. १८७८ ते १९०४ या काळात फिलाडेल्फिया, न्यू ऑर्लिन्स, सॅन फ्रान्सिस्को आणि कार्सन सिटी या चार टांकसाळींत मिळून असे सुमारे ५७ कोटी डॉलर पाडले गेले. पुढे १९२१ साली आणखी ८ कोटी ६७ लाखांची भर पडली. एकूण संख्या ६५ कोटी ७० लाखांच्या घरात जाते.

आता मौज अशी की, एवढी नाणी पाडली गेली, पण ती लोकांना नको होती. पूर्वेकडील शहरांत खिशात जड रुपेरी चकत्या बाळगण्यापेक्षा कागदी नोट बरी वाटे. पश्चिमेकडील खाणींच्या गावांत आणि दक्षिणेत मात्र डॉलर हातोहात फिरत. म्हणून सरकारने चांदीच्या हमीवर नोटा काढल्या. नोटा बाजारात फिरू लागल्या आणि डॉलर हजार-हजारांच्या कापडी थैल्यांत भरून तळघरांतील तिजोऱ्यांत पडून राहिले. अशा एका थैलीचे वजन पावणेसत्तावीस किलोच्या आसपास भरते. ज्या नाण्याने कधी दुकानाची फळी पाहिली नाही, कोणाच्या मुठीची ऊब अनुभवली नाही, त्यास आपण या लेखापुरते ‘कोरे नाणे’ म्हणू. संग्राहकाला हवे असते ते हेच. थैलीत एकमेकांवर आदळून अशा नाण्यांवर ओरखडे उमटतात. पण ओरखडा वेगळा आणि झीज वेगळी. केसांच्या बटा, गालाचा उंचवटा आणि मागील बाजूस गरुडाची छाती हे भाग प्रथम झिजतात. ते जर जसेच्या तसे असतील, तर ओरखडे असूनही नाणे कोरेच समजले जाते.

यावरून वाचकांच्या ध्यानात येईल की, कोऱ्या नाण्यांची संख्या ही पाडलेल्या नाण्यांच्या संख्येवर फारशी अवलंबून नसते. ती अवलंबून असते थैल्या कोठे पडून राहिल्या आणि त्या केव्हा उघडल्या गेल्या यावर. जी थैली लवकर उघडली गेली, तिच्यातील नाणी झिजली. जी फार काळ बंद राहिली, ती एक तर जशीच्या तशी बाहेर आली किंवा भट्टीत गेली.

भट्टीचा सर्वांत मोठा प्रसंग आला तो १९१८ साली, आणि तो आला हिंदुस्थानमुळे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून ताग, धान्य, कातडी यांची निर्गत वाढली. मेसोपोटेमियातील फौजांचा खर्चही येथूनच होऊ लागला. या सर्वांचे देणे रुपयांत चुकवावे लागे. लोकांचा कागदावर विश्वास नव्हता. १९१७ मध्ये एक रुपयाची आणि पाठोपाठ अडीच रुपयांची नोट काढावी लागली, यावरूनच चांदीची टंचाई कोणत्या थराला गेली होती ते दिसते. १९१८ च्या पूर्वार्धात युद्धाच्या वाईट बातम्या येऊ लागताच लोक नोटा घेऊन रोख रुपयांसाठी सरकारी कचेऱ्यांकडे धावले आणि सरकारजवळील रुपयांचा साठा झपाट्याने आटू लागला. नोटेबदली रुपया देता आला नाही, तर ऐन युद्धात राज्याची पत जाणार, हे ब्रिटिश सरकारने ओळखले आणि अमेरिकेकडे हात पसरला.

२३ एप्रिल १९१८ रोजी अमेरिकेत पिटमन कायदा झाला. या कायद्याने ३५ कोटींपर्यंत डॉलर आटवण्याची मुभा खजिन्याला मिळाली. प्रत्यक्षात २७,०२,३२,७२२ डॉलर आटवले गेले. त्यांपैकी २५,९१,२१,५५४ डॉलरांची चांदी ब्रिटनला औंसाला एक डॉलर या दराने विकण्यात आली. उरलेल्यांची अमेरिकेतच लहान नाणी झाली. येथे थोडा हिशेब करून पाहू. आपला त्या वेळचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे १८० ग्रेनांचा. त्यात अकरा-बारांश चांदी, म्हणजे १६५ ग्रेन शुद्ध. डॉलरातील ३७१.२५ ग्रेनांना १६५ ने भागले असता उत्तर येते बरोबर सव्वादोन. एका डॉलरातून सव्वादोन रुपयांची शुद्ध चांदी निघत होती. या मापाने पंचवीस कोटी एक्याण्णव लाख डॉलरांची चांदी सुमारे ५८ कोटी ३० लाख रुपयांना पुरेल एवढी होती. मुंबई आणि कलकत्ता येथील टांकसाळींची चाके तिच्यावर फिरली आणि सरकारची पत राहिली. भारतीय चलनाच्या इतिहासाची मूलगामी चिकित्सा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या रुपयाविषयीच्या ग्रंथात केली. रुपयाचा प्रश्न त्या पिढीला किती जिव्हाळ्याचा होता, हे त्यावरून कळावे.

हिंदुस्थान आणि डॉलर यांचा संबंध याहूनही जुना आहे. जून १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने आपल्या टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्या. जगातील एक मोठे गिऱ्हाईक असे मागे सरताच चांदीचा भाव कोसळला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेनेही १८९० चा शेर्मन कायदा, म्हणजे चांदीची वाढीव खरेदी, रद्द केली. हे त्यामागील एकमेव कारण होते असे नव्हे. पण कारणांपैकी एक निश्चित होते. त्यानंतर डॉलरांची पैदास आटली. १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोत केवळ १ लाख, तर १८९४ साली फिलाडेल्फियात १ लाख १० हजार डॉलर पडले. आज हे दोन्ही दुर्मिळ मानले जातात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आटवलेल्या सत्तावीस कोटी डॉलरांची एकूण संख्या शेवटच्या आकड्यापर्यंत लिहून ठेवली आहे. परंतु त्यांत कोणत्या सालचे आणि कोणत्या टांकसाळीचे किती होते, याची नोंदच झाली नाही. भट्टीवरील कामगारांच्या दृष्टीने सारी चांदी सारखीच होती. या एका गोष्टीने वजाबाकीची सरळ वाट बंद झाली. ‘इतके पाडले, त्यातून इतके आटवले, म्हणून इतके उरले’ हे गणित समग्र डॉलरांना लागू पडते. एखाद्या विशिष्ट सालाला नाही. समग्र गणित करावयाचे झाल्यास ६५ कोटी ७० लाखांतून २७ कोटी वजा जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणखी सुमारे पाच कोटी डॉलर आटवले गेले, पण त्यांत १९२१ च्या अखेरीपासून पाडलेल्या ‘पीस’ डॉलरांचाही भाग होता. म्हणजे सरकारी भट्टीतून सुटलेले मॉर्गन डॉलर ३३ ते ३८ कोटींच्या दरम्यान. त्यानंतर जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला पन्नास डॉलरांच्या जवळ पोहोचली, तेव्हा खाजगी गाळणाऱ्यांनी जे आटवले ते यातून आणखी वजा करावयाचे. ही वरची मर्यादा झाली. आणि त्यांतील कोरे किती, हे ती सांगत नाही.

दप्तरातील आकडाही डोळे मिटून घेता येत नाही. १८९५ साली फिलाडेल्फियात चलनासाठी १२,००० डॉलर पाडल्याची नोंद आहे. शिवाय संग्राहकांसाठी खास घडविलेली ८८० नाणी निघाली. त्या ८८० पैकी पुष्कळ आज ठाऊक आहेत. बारा हजारांपैकी मात्र एकही सर्वमान्य नाणे आजवर पुढे आलेले नाही. ती पाडलीच गेली नाहीत की पाडून भट्टीत गेली, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. अध्यापन करताना आम्हांस नेहमी जाणवते की, छापील आकडा दिसला की विद्यार्थी त्यास सिद्ध वस्तू मानतो. दप्तरातील नोंद ही कोणीतरी, काही हेतूने, काही प्रसंगी केलेली असते. ती पुरावा आहे, निकाल नव्हे, हे सांगण्यास १८९५ च्या डॉलराएवढे चांगले उदाहरण दुसरे नाही.

याच्या उलट प्रकार १९०३ च्या न्यू ऑर्लिन्स डॉलराचा. दप्तराप्रमाणे तो ४४ लाख ५० हजार इतका पडला होता. तरीही कित्येक दशके कोरा नग कोणाच्या दृष्टीस पडेना. तेव्हा जाणकारांनी ठरवून टाकले की बहुतेक सारे १९१८ मध्ये आटले असावेत आणि कोरे म्हणाल तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले असावेत. १९६२ च्या किंमतपत्रिकेत त्याची किंमत १,५०० डॉलर छापली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस नाताळच्या सुमारास डॉलरांची मागणी वाढली म्हणून फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतील एक तिजोरी उघडण्यात आली. ती १९२९ पासून मोहरबंद होती. आतील थैल्यांतून १९०३ चे न्यू ऑर्लिन्स डॉलर हजारांनी बाहेर पडले, अगदी कोरे. काही महिन्यांत दीड हजारांची किंमत दोन आकड्यांवर आली. जाणकारांचा तर्क अविचारी नव्हता. जे दिसत होते त्यावरून तो केलेला होता. परंतु ‘दिसत नाही’ आणि ‘अस्तित्वात नाही’ यांतील अंतर एका बंद दाराएवढे होते.

या घटनेनंतर लोकांनी खजिन्याच्या खिडकीपुढे रांगा लावल्या आणि नोटा देऊन थैल्याच्या थैल्या नेल्या. २५ मार्च १९६४ रोजी सरकारने डॉलर देणे बंद केले, तेव्हा सुमारे तीस लाख नाणी शिल्लक होती आणि त्यांत कार्सन सिटीच्या नाण्यांचा भरणा होता. ती १९७२ ते १९७४ आणि पुन्हा १९७९-८० मध्ये टपालाने मागण्या घेऊन विकण्यात आली. विक्रीपूर्वी प्रत्येक सालची मोजदाद झाली. कोऱ्या नाण्यांच्या शिरगणतीत इतका विश्वसनीय पुरावा दुसरा नाही, म्हणून त्यातील काही आकडे येथे देतो.

१८८४ साली कार्सन सिटीत ११,३६,००० डॉलर पडले. सरकारी शिलकेत ९,६२,६३८ निघाले, म्हणजे शेकडा ८४ हून अधिक. १८८३ च्या १२,०४,००० पैकी ७,५५,५१८ होते. १८८१ च्या २,९६,००० पैकी १,४७,४८५, म्हणजे जवळजवळ निम्मे. १८८५ चे पाडले गेलेच फक्त २,२८,०००, पण त्यातील १,४८,२८५ शाबूत होते. याउलट १८७९ च्या ७,५६,००० पैकी केवळ ४,१२३ निघाले. आणि १८८९ च्या ३,५०,००० डॉलरांपैकी सरकारी शिलकेत सापडला केवळ एक. १८८५ पेक्षा १८८९ मध्ये सव्वा लाख नाणी अधिक पडली. तरी कोऱ्या रूपात पहिले सहज मिळते आणि दुसरे दुर्मिळ.

सॅन फ्रान्सिस्कोचा १८८४ चा डॉलर याच न्यायाचे दुसरे टोक दाखवितो. तो ३२ लाख पडला. झिजलेला नग आजही माफक किमतीत मिळतो, कारण पश्चिमेकडील लोकांनी तो मनसोक्त वापरला. परंतु कोरा नग मिळणे महाकठीण; मॉर्गन डॉलरांच्या मालिकेत तो अत्यंत विरळ गणला जातो. लोकांच्या उपयोगी पडलेले नाणे झिजून गेले आणि कोणाच्याच उपयोगी न पडलेले कोरे राहिले. संग्राहक ज्याला मोल देतो ते बहुधा दुर्लक्षाचे फळ असते.

आता गणतीच्या पद्धतींचा क्रमाने विचार करू.

पहिली पद्धत साठ्यांची. मोठे साठे उघडकीस आले की प्रत्येक सालचा आकडा मिळतो. सरकारी विक्रीखेरीज खाजगी साठेही आहेत. नेवाडातील रीनो येथील लाव्हेर रेडफील्ड हा धनिक १९७४ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या घरात चार लाखांहून अधिक चांदीचे डॉलर सापडले. १९७६ मध्ये तो साठा ७३ लाख डॉलरांना विकला गेला. साठ्यावरून मिळणारा आकडा ही खालची मर्यादा होय: निदान इतके तरी आहेत. साठ्याबाहेर किती, हे त्यावरून कळत नाही.

दुसरी पद्धत प्रमाणित नाण्यांच्या मोजणीची. १९८६-८७ पासून अमेरिकेत नाणे तपासून, त्याची प्रत ठरवून, ते पारदर्शक पेटीत बंद करून देणाऱ्या संस्था निघाल्या. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन याने तांब्याच्या जुन्या सेंटांसाठी योजिलेली एक ते सत्तर अशी गुणपद्धती त्यांनी स्वीकारली; तीत साठपासून पुढे कोरे नाणे. आपण कोणते नाणे किती वेळा तपासले, याचे तक्ते या संस्था प्रसिद्ध करतात. वाचकाला वाटेल, झाले, शिरगणती मिळाली. परंतु या तक्त्यांत दोन परस्परविरोधी दोष आहेत. महाग नाण्याचा मालक एक गुण वाढावा म्हणून पेटी फोडून तेच नाणे पुनःपुन्हा पाठवतो. म्हणजे एकाच नाण्याची गणना अनेकदा होते. स्वस्त नाण्याचा मालक तपासणीचे शुल्क परवडत नाही म्हणून ते पाठवतच नाही. म्हणजे लक्षावधी नाणी गणनेबाहेर राहतात. म्हणून १८८४ च्या सॅन फ्रान्सिस्को डॉलरासारख्या मोलाच्या नाण्याबाबत तक्त्यातील आकडा प्रत्यक्षाच्या जवळ किंवा त्याहून जास्त असण्याचा संभव. आणि १९२१ च्या सामान्य डॉलराबाबत तो प्रत्यक्षाचा अल्पांश. तोच तक्ता एका ठिकाणी फुगलेला आणि दुसऱ्या ठिकाणी आखडलेला असतो.

तिसरी पद्धत तळ्यातील माशांची. तळ्यातून शंभर मासे पकडून त्यांवर खूण करावी आणि सोडून द्यावेत. काही दिवसांनी पन्नास पकडावेत. त्यांत खुणेचे पाच निघाले, तर तळ्यात अदमासे हजार मासे आहेत असे समजावे. अत्यंत दुर्मिळ नाण्यांना ही पद्धत लागू पडते. कारण अशा प्रत्येक नाण्यावरील ओरखडे आणि डाग छायाचित्रावरून ओळखता येतात आणि लिलावांच्या सूचीत तेच ते नाणे पुनःपुन्हा येते की नवे येते, हे पाहता येते. पण या पद्धतीची एक अट आहे. मासे तळ्यात सर्वत्र मिसळलेले असावे लागतात. बंद थैलीतील हजार नाणी म्हणजे तळ्याच्या कोपऱ्यात जाळीआड ठेवलेले मासे. गळ कितीही वेळा टाकला तरी ते लागणार नाहीत. १९६२ पूर्वी १९०३ च्या डॉलराबाबत नेमके हेच झाले होते.

या तिन्ही पद्धती एकत्र धरल्या म्हणजे काय हाती लागते, ते दोन उदाहरणांवरून सांगतो. १८८५ चा कार्सन सिटी डॉलर घ्या. खालची मर्यादा सरकारी मोजदादीची, १,४८,२८५; वरची मर्यादा टांकसाळीची, २,२८,०००. १९६४ पूर्वी खिडकीवरून गेलेल्या थैल्यांतील काही खालच्या आकड्यात मिळवावयाचे आणि नंतर खराब झालेले काही वजा करावयाचे. उत्तर या दोन कुंपणांच्या आत आहे आणि कुंपणे एकमेकांपासून दूर नाहीत. ‘दीड लाखाच्या आसपास किंवा त्याहून काहीसे अधिक’ असे विधान कोणीही जबाबदारीने करू शकेल. आता १८८९ चा घ्या. खालची मर्यादा एक, वरची साडेतीन लाख. येथे वजाबाकी निरुपयोगी आहे; लिलावांच्या सूची, तपासणीचे तक्ते आणि जुन्या व्यापाऱ्यांच्या नोंदी यांवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून आकडा सांगणाऱ्याने त्यासोबत तो कोणत्या वाटेने आला, हेही सांगितले पाहिजे. वाट न सांगता दिलेला आकडा ही ऐकीव गोष्ट समजावी.

‘कोरे’ या शब्दाचा अर्थही कालमानाने बदलतो, हे येथे नमूद केले पाहिजे. एके काळी दुकानदार ज्यास बेधडक कोरे म्हणून विकी, त्यातील कित्येक नाणी आजच्या कसोटीला किंचित झिजलेली ठरतात. नाणे तेच, पण व्याख्या आवळली की संख्या घटते. जनगणनेत साक्षरतेची व्याख्या बदलली की साक्षरांची संख्या बदलते, तसाच हा प्रकार.

आता या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय, ते पाहू. आपल्याकडेही इतिहासाने असा एक साठा राखून ठेवला होता. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती क्षत्रप नहपानाची होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहनांच्या विजयाचा हा पुरावा किती बोलका आहे! परंतु तो बोलका झाला, कारण नाणी एकत्र सापडली, मोजली गेली आणि ठसा मारलेली किती व न मारलेली किती हे लिहिले गेले. तीच नाणी एकेक करून सराफाच्या मुशीत गेली असती, तर चांदीचे वजन तेवढेच भरले असते आणि इतिहास शून्य उरला असता.

डॉलरांतून झालेल्या रुपयांचे तरी काय झाले? १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणण्यात आली आणि पुढील दोन-तीन वर्षांत जुने रुपये चलनातून मागे घेण्यात आले. लोकांनी जे परत केले नाहीत, ते पेटीत राहिले किंवा पैंजण, तोडे आणि देवघरातील भांडी होऊन बसले. आपल्या अकादमीच्या वाचकांच्या परिसरात तर याहून जुनी आणि विविध नाणी नांदली. पेशवाईतील अंकुशी आणि चांदवडी रुपये, बडोद्याची बाबाशाही, इंदूरच्या होळकरांची आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांची नाणी, हैदराबादचा हाली सिक्का, गोव्यातील पोर्तुगीज रुपिया. यांपैकी कोणत्या सालचे किती उरले, हे विचारले तर अमेरिकेतील डॉलरांसारखी सालवार मोजदाद दाखविता येत नाही. तेथे टांकसाळीची नोंद होती, भट्टीची नव्हती. आपल्याकडे अनेक ठिकाणी दोन्ही नाहीत; म्हणून सापडणाऱ्या प्रत्येक साठ्याचे मोल आपल्याला अधिक.

योगायोग असा की, ज्या १८७८ साली मॉर्गन डॉलर निघाला, त्याच साली आपल्याकडे भूमिगत धनाविषयीचा कायदा झाला. दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन जमिनीत सापडल्यास कलेक्टरला लेखी कळवावे, असे त्यात सांगितले आहे. कायदा चांगला आहे; परंतु घराचा पाया खणताना हंडा लागला की तो कायद्याआधी सराफ्यात पोहोचतो, हेही सर्वांना ठाऊक आहे. यात केवळ लोभ नसतो. नाण्यांचे महत्त्व चांदीच्या भावापलीकडे काही असू शकते, हे कोणी सांगितलेलेच नसते. ते सांगण्याचे काम शाळेचे आहे.

आम्ही अध्यापकबंधूंना आणि भगिनींना इतकेच सुचवू की, आपल्या गावात जुनी नाणी सापडली असे कानी आले तर चार गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात: स्थळ, एकूण संख्या, प्रत्येक प्रकारची आणि सालची संख्या, व नाणी झिजलेली की कोरी. कायद्याप्रमाणे वर्दी देण्यास मालकास प्रवृत्त करावे. घरातील जुने रुपये विद्यार्थ्यांनी पाहून त्यांची साले नोंदवावीत. नाणे घरीच राहू द्यावे, नोंद तेवढी शाळेत यावी, आणि कोणाच्या घरी काय आहे याचा बोभाटा होऊ देऊ नये. या नोंदींतून लगेच सिद्धांत निघणार नाहीत. परंतु १९१८ मध्ये भट्टीवर बसलेल्या एखाद्या कारकुनाने आत जाणाऱ्या थैल्यांवरील सालांची केवळ एक यादी ठेवली असती, तर आज मोठमोठ्या विद्वानांना तर्काच्या ज्या कसरती कराव्या लागतात, त्या कराव्या लागल्या नसत्या. आपल्याकडची भट्टी अजून पेटलेली आहे. तीत काय जाते, याची यादी ठेवणे एवढे तरी आपल्या हाती आहे.